हुबेहूब म्हणजे कोणासारखं?

'स्टार ट्रेक' ही जुनी अमेरिकन मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक साधा प्रश्न विचारून बघा : कॅप्टन कर्कच्या सदऱ्याचा रंग कोणता? बहुतेक जण 'सोनेरी पिवळा' असं बिनदिक्कत सांगतील. पडद्यावर तो दिसतोही तसाच. पण शिंप्याच्या टेबलावर तो सदरा हिरवा होता, पिवळसर झाक असलेला हिरवा. मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी नंतर हे स्वतः सांगितलं आहे.

आपल्या मंडळाच्या एकांकिकांचे कपडे शिवताना 'अगदी हुबेहूब पाहिजे' ही मागणी मी नेहमी ऐकते. हुबेहूब ठीक, पण कोणासारखं? हा प्रश्न समजून घ्यायला या सदऱ्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. म्हणून त्यावर हा छोटा पाठ.

मालिका एनबीसी वाहिनीवर 1966 ते 1969 या काळात चालली. तीन पर्वं, एकूण 79 भाग. एनबीसीची मालकी तेव्हा आरसीए कंपनीकडे होती आणि ही कंपनी रंगीत टीव्ही संच विकत असे. त्यामुळे पडद्यावर रंग ठळक दिसणं महत्त्वाचं होतं. अंतराळयानातल्या माणसांचे सदरे तीन रंगांचे : नेतृत्व करणाऱ्यांचा एक, शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांचा निळा, यंत्रविभाग, संदेशवहन आणि सुरक्षेचा लाल. पहिल्या दोन पर्वांत हे सदरे वेलूरचे होते. वेलूर म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं, ताणलं जाणारं कापड. स्टुडिओचे प्रखर दिवे, त्या काळची फिल्म आणि ही लव यांच्या मेळातून कर्कचा हिरवा रंग पडद्यावर सोनेरी उतरला.

गंमत पुढे आहे. कर्कचा आणखी एक सदरा होता, समोरून एकावर एक पदर घेऊन बांधायचा. 1967 सालच्या 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या भागात तो अंगात आहे. त्याचं कापड वेगळं होतं, म्हणून तो कॅमेऱ्यात हिरवाच दिसला. वेशभूषाकाराच्या मनात दोन्ही सदरे एकाच रंगकुळातले. प्रेक्षकांना मात्र वाटलं, कॅप्टनकडे एक पिवळा आणि एक हिरवा असे दोन सदरे आहेत.

आता नक्कल करणाऱ्याने काय शिवावं? सोनेरी शिवलं तर प्रेक्षक लगेच ओळखतील. हिरवं शिवलं तर मूळ कपड्याशी इमान राहील, पण बघणारा म्हणेल, रंग चुकला. म्हणजे 'मूळ' एक नाही, निदान तीन आहेत : टेबलावरचं, पडद्यावरचं आणि लोकांच्या आठवणीतलं.

कापडाचं पाहा. वेलूर धुलाईला दिलं की आटायचं आणि सदरे नटांच्या अंगाला घट्ट व्हायचे. म्हणून तिसऱ्या पर्वात नायलॉनच्या दुहेरी विणीचं कापड आलं. ते मखमली नाही, त्याची घडी आणि चमक वेगळी. तेव्हा 'कर्कचा सदरा शिवायचाय' एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या पर्वातला, हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या पर्वाचं कापड आणि तिसऱ्या पर्वाचा फोटो, अशी सरमिसळ झाली की तो सदरा कोणाचाच राहत नाही.

प्रत्यक्ष कामाला बसणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. वेलूर कापण्याआधी भिजवून, वाळवून घ्या, म्हणजे जे काही आटायचं ते आधीच आटेल. लवेची दिशा हाताने तपासा. पुढचा भाग, पाठ आणि दोन्ही बाह्या एकाच दिशेने कापा, नाहीतर एकाच ताग्यातले तुकडे दोन रंगांचे वाटतील. नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. तो उन्हात बघा आणि ज्या दिव्यांखाली घालायचा आहे त्यांच्याखालीही बघा. संगणकावरच्या एका चित्रावर तर मुळीच विसंबू नका, कारण प्रत्येक पडदा रंग आपल्या परीने दाखवतो. शिवाय मालिकेचे छायालेखक जेरी फिनरमन करड्या भिंतींवर रंगीत प्रकाश टाकत. तो प्रकाश कपड्यावरही पडला असेल, हे ध्यानात ठेवा.

बारकावे रंगाइतकेच बोलतात. गळपट्टी काळी. डाव्या छातीवर बाणाच्या टोकासारखं चिन्ह. नेतृत्वाच्या सदऱ्यावर त्यात तारा, यंत्रविभागाच्या सदऱ्यावर वळणदार आकृती. बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या हुद्दा सांगतात : कॅप्टनला दोन अखंड आणि त्यांच्यामध्ये एक तुटक, स्पॉकला दोन अखंड. एक पट्टी इकडची तिकडे झाली की हुद्दा बदलला. काळी विजार बुटांच्या वरच संपते आणि खाली किंचित पसरते. तिला खिसे नाहीत, म्हणून संदेशयंत्र कमरेला वेल्क्रोने चिकटवलेलं असे. सोयीसाठी आपण खिसा लावला, तर त्या माणसाची चाल आणि हाताची जागाही बदलते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा पेच नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. हाती आहेत ती हस्तलिखितं, काही रोमी लिपीत तर एक देवनागरीत. 1907 ची मंगळूरची आवृत्ती रोमी हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. दोन प्रतींत शब्द वेगळा दिसला की संपादकाने कोणता घ्यायचा? चांगला संपादक एक पाठ निवडतो, दुसरा तळटीपेत देतो आणि निवडीचं कारण लिहितो. दोन्ही पाठ मिसळून तिसराच गोड पाठ तयार करत नाही. वेशभूषेतही हीच शिस्त हवी.

माझं मत विचाराल तर रंगमंचासाठी सोनेरी शिवावा, कारण तिथे प्रेक्षकाची ओळख हेच काम आहे. अभ्यासासाठी किंवा प्रदर्शनासाठी मात्र हिरवा शिवावा आणि शेजारी पडद्यावरचं चित्र ठेवावं. दोन्ही प्रामाणिकच आहेत. अप्रामाणिक एकच गोष्ट : सोनेरी शिवून 'हाच मूळ रंग' असं सांगणं. त्यात थाइस यांची निवडच पुसली जाते. कपडे शिवणाऱ्याचं नाव तसंही श्रेयनामावलीत भराभर सरकून जातं, त्याने निवडलेला रंग तरी आपण राखावा.

म्हणून एक सवय लावून घ्या. सदरा पुरा झाला की गळपट्टीच्या आत पांढऱ्या फितीचा तुकडा शिवा आणि त्यावर पक्क्या शाईने लिहा : कोणतं पर्व, कोणता भाग, कोणतं कापड, रंग पडद्यावरचा की टेबलावरचा. घालणाऱ्याला ती फीत टोचणार नाही, आणि पुढच्या वर्षी मंडळाची पेटी उघडणाऱ्याला आपण काय पाहून काय शिवलं ते कळेल.