वेळ वालाचा जातो, आपला नाही

पोरांनो, 2020च्या टाळेबंदीत तुमच्या फोनच्या पडद्यावर इंग्लंडातल्या खेड्यांतली छोटी घरं दिसायला लागली. गवती छप्पर, खिडकीत फुलं, टेबलावर घरी भाजलेला पाव, खांद्यावर विणलेली शाल. असं ‘कॉटेज’मधलं निवांत जगणं आपल्यालाही हवं, ही हौस तेव्हापासून तुमच्या मनात घर करून आहे. हौस चांगलीच आहे. तिच्यासाठी नोकरी सोडून गावी जायला नको आणि वेताच्या टोपल्या विकत आणायलाही नकोत. सकाळची लोकल धरणाऱ्या माणसांच्या दोन खोल्यांतही निवांत घर नांदतं.

माझ्या आजेसासूबाईंनी सासूबाईंना आणि सासूबाईंनी मला एक गोष्ट शिकवली. ज्या कामाला वेळ लागतो ते लवकर सुरू करावं आणि त्याचं त्याला होऊ द्यावं. आपली सगळी ओढाताण होते ती ऐन वेळी सुरुवात केल्यामुळे. खाली सांगते ते सगळे कानमंत्र या एकाचीच लेकरं आहेत.

रात्री काहीतरी भिजत घाला

रविवारी दुपारी डाळिंब्यांची उसळ हवी असेल तर शुक्रवारी रात्री निजताना दोन वाट्या कडवे वाल भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून सुती फडक्यात घट्ट बांधा आणि पातेल्यात झाकून ठेवा. रविवारी सकाळी मोड आलेले असतील. थंडीत थोडे उशिरा येतात, तेव्हा गाठोडं उबेला ठेवायचं. मग कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं सोडा आणि सगळ्यांनी परातीभोवती बसा. वाल दोन बोटांत धरून मागच्या बाजूने हलकेच दाबला की साल बोटांत राहते आणि पांढरीशुभ्र डाळिंबी टुणकन परातीत पडते. लहान मुलांना तर हे काम सोडवत नाही. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, आमसूल, गूळ, जिरं-खोबऱ्याचं वाटण आणि वर कोथिंबीर.

आता हिशोब करा. भिजवायला दोन मिनिटं, बांधायला दोन मिनिटं, सोलायला अर्धा तास, तोही गप्पांचा. बाकी दीड दिवस गेला तो वालाचा, आपला नाही. विरजण, मोड, आंबवण, मुरवण या सगळ्यांचा हाच कायदा आहे. म्हणून रात्री ओटा पुसून झाला की स्वतःला विचारायचं, उद्यासाठी काय भिजत पडलंय? मटकी, चवळी, डोशाचे तांदूळ, काहीही चालेल. सकाळ तिथूनच सोपी होते.

आठवड्यातून एकदा तूप घरी कढवा

रोजची साय एका डब्यात फ्रिजमध्ये साठवा. डबा भरला की बाहेर काढून त्याचा गारवा जाऊ द्या, चमचाभर दही घालून रात्रभर विरजा आणि सकाळी थंडगार पाणी घालून घुसळा. लोण्याचा गोळा वर आला की दोन-तीन पाण्यांनी धुवा. ताक प्यायला ठेवा.

कढवताना आच मंद आणि कान उघडे. आधी फेस येतो, मग तडतड सुरू होते. ती तडतड लोण्यातल्या पाण्याची असते. ती थांबत आली, तळाची बेरी बदामी झाली आणि वरचं तूप नितळ दिसू लागलं की गॅस बंद. त्याच वेळी विड्याचं एक पान टाका. बेरी फेकू नका. साखर घालून खा किंवा कणकेत मळा. तूप कढवायच्या पंधरा मिनिटांत दुसरं काही करायचं नाही. घरातल्या कुणालाही एकाग्रता शिकवायची असेल तर त्याला तुपाशी उभं करा.

दोन डबे भरलेले ठेवा

पूर्वी पावसाळ्याआधी वर्षाची बेगमी व्हायची: कुरडया, पापड, सांडगे, लोणची, मसाले. तुम्हाला तेवढं जमणार नाही आणि गरजही नाही. दोनच डबे सांभाळा, भाजणी आणि मेतकूट.

मेतकुटाचं माप घरोघर वेगळं, आमचं असं. दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू. दोन चमचे धणे, एकेक चमचा जिरं आणि मोहरी, मेथ्या अर्धाच चमचा. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर कोरडा भाजायचा, कारण डाळ भाजेपर्यंत मोहरी जळून जाते. गार झाल्यावर बारीक दळून हळद, हिंग, सुंठ मिसळायची आणि चाळून कोरड्या बरणीत भरायचं. दमून घरी आलात, बाहेर पाऊस पडतोय, स्वयंपाकाची ताकद नाही. अशा वेळी मऊ भात, तूप, मीठ आणि मेतकूट. भाजणी असली तर थालीपीठ. भूक लागलेल्या माणसाला घरात काहीतरी तयार आहे हे कळलं की अर्धा शीण तिथेच उतरतो.

दिवेलागणीला पांढरा दिवा बंद करा

संध्याकाळी घर दवाखान्यासारखं लखलखीत ठेवू नका. बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा. 6500 म्हणजे पांढराफटक उजेड, तो कामाच्या टेबलाशी ठीक. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, कंदिलाच्या जवळ जाणारा. बैठकीत आणि निजायच्या खोलीत हाच लावा, तोही छताला न लावता कोपऱ्यात, खाली. देवाशी निरांजन लावायची रीत असेल तर लावा. नसेल तर खिडकीत एक पणती लावा. दिवस संपला हे शरीराला सांगावं लागतं.

हाताला काम, फोनला जागा

दाराशी खुंटीला एक कापडी खिसा शिवून टांगा. रात्री आठ ते नऊ घरातले सगळे फोन त्यात, मोठ्यांचेसुद्धा. पण नुसता फोन काढून घेतला की हात चुळबुळतात, म्हणून हाताला काम हवं. वाती वळा, लसूण सोला, मटार सोला, बटणं लावा.

हौस असेल तर गोधडी शिवा. एकदम मोठी घेऊ नका, आधी बाळाचं दुपटं करा. धुऊन मऊ पडलेल्या सुती साड्याच घ्या; कृत्रिम धाग्याची साडी मिसळली की ऊब नाही, नुसता घाम येतो. तीन-चार थर एकावर एक सपाट अंथरून मोठ्या टाक्यांनी टाचून घ्या, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने बोटभर अंतरावर ओळी घालत मध्याकडे या. रोज दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ. आजीचं लुगडं, आईची साडी आणि बाबांचं धोतर एकाच पांघरुणात येतं, असं पांघरूण बाजारात मिळत नाही.

गॅलरीत जे जगतं तेच लावा

कॉटेजच्या फोटोतलं लव्हेंडर मुंबईच्या दमट हवेत टिकत नाही. आपल्याकडे जे आनंदाने वाढतं त्याच्यापासून सुरुवात करा. बाजारातून गवती चहाची जुडी आणाल तेव्हा खालच्या पांढऱ्या बुडख्यांसकट आणा. पाती चहात टाका, बुडखे बोटभर पाण्यात उभे ठेवा आणि मुळं फुटली की मोठ्या कुंडीत लावा. पुदिना आणि पानओवा नुसत्या फांदीवर लागतात. अळवाला ओल लागते, त्याची कुंडी एसीच्या नळीखाली ठेवा. ते पाणी झाडांना चालतं.

कुंड्यांतली झाडं तहानेपेक्षा लाडानेच जास्त मरतात. पाणी घालण्याआधी माती बोट खुपसून बघा. ओली लागली तर आज पाणी नाही. मातीही घरीच होते. प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून सकस माती कशी करायची हे महाराष्ट्राला शिकवलं. भोकं पाडलेली एक बादली, भाज्यांची सालं आणि प्रत्येक थरावर सुका पाला, एवढं पुरतं. शिजवलेलं आणि तेलकट त्यात टाकू नका.

महिना ओळखून खा

वर्षभर सगळं मिळतं म्हणून कशाची वाट बघणं उरलं नाही, आणि वाट बघण्यातच तर गोडी होती. चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हं. पौषात भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. पावसाच्या तोंडावर मुंबईच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळं घेऊन येतात. ती घ्याल तेव्हा काकडंही मागून घ्या, त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. पुढे टाकळा, फोडशी, कुर्डू. भाजीवालीला विचारा, ती करायची रीत सांगते, आणि त्या दोन मिनिटांच्या बोलण्यातून बाजार ओळखीचा होतो.

वाचायलाही असंच एक पुस्तक ठेवा. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं. त्यात महिन्यागणिक निसर्ग उलगडत जातो. एका बैठकीत संपवू नका. चैत्र लागला की चैत्र वाचा, वैशाखात वैशाख, आणि वाचून झालं की खाली जाऊन आपल्या सोसायटीतली झाडं बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

जुन्या घरांची आठवण काढताना एक विसरू नका. त्या घरांतला निवांतपणा बहुतेक वेळा ओटीवर बसणाऱ्यांच्या वाट्याला यायचा आणि त्याची किंमत माजघरातल्या बायका मोजायच्या. आमच्या सासूबाईंनी शेकडो वेळा वाल सोलले. पण गरम उसळ सगळ्यांबरोबर पानावर बसून खाणं त्यांना क्वचितच मिळालं. ते परत आणायचं नाही.

म्हणून यातला एकही मंत्र एकटीच्या डोक्यावर घेऊ नका. तूप कोण कढवणार, बादलीत पाला कोण घालणार, रात्री भिजवायची पाळी कुणाची, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा, आणि त्या कागदावर घरातल्या पुरुषांची आणि मुलांची नावं असलीच पाहिजेत. सुरुवातीला एकच मंत्र घ्या, तो अंगवळणी पडला की दुसरा. ज्या घरात सगळे राबतात त्याच घरात सगळ्यांना निवांत बसता येतं. तेव्हा आधी कामं वाटून घ्या, मग घर सजवा.