विपणन म्हणजे केवळ विक्री नव्हे

‘विपणन’ हा शब्द ऐकताच अनेक वैद्यांच्या कपाळाला आठी पडते. ते स्वाभाविकही आहे. चिकित्सेचा बाजार मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीमागे लागतो, असे चरकाचार्यांनी रसायनप्रकरणात बजावले आहे. तथापि विपणन आणि विक्री या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम तीन मूलभूत संज्ञा पाहू. गुडघेदुखी थांबावी ही रुग्णाची गरज होय. त्यासाठी अभ्यंग-स्वेदन हवे असे वाटणे ही इच्छा होय. या इच्छेला खर्चाची ऐपत व तयारी यांची जोड मिळाली की ती मागणी होते.

व्यवसायाचे ग्राहकाकडे पाहण्याचे पाच दृष्टिकोन मानले जातात.

१) उत्पादनप्रधान : माल मुबलक व स्वस्त असला की तो खपतोच, ही धारणा. हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ मोटार आणली, १९१३ मध्ये फिरती जुळणी-पद्धत सुरू केली आणि ८५० डॉलरची किंमत पुढे ३०० डॉलरच्याही खाली आणली. परंतु ग्राहकांना वैविध्य हवेसे झाले, ते जनरल मोटर्सने पुरविले. १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’ बंद करावी लागली.

२) वस्तुप्रधान : वस्तू उत्तम असली की पुरे. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात यातील धोका दाखविला. अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी आपला व्यवसाय ‘रेल्वे’ मानला, ‘वाहतूक’ मानला नाही. म्हणून त्या मागे पडल्या.

३) विक्रीप्रधान : तयार माल जाहिरातीच्या व आग्रहाच्या जोरावर गळी उतरविणे.

४) विपणनप्रधान : आधी ग्राहकाची गरज जाणणे, मग तदनुरूप वस्तू वा सेवा सिद्ध करणे.

५) समाजहितप्रधान : ग्राहकाचे समाधान साधताना त्याचे व समाजाचे दीर्घकालीन हितही जपणे.

आता आमचाच अनुभव सांगतो. प्रारंभीच्या काळात आम्ही बहुतेक रुग्णांना काढे लिहून देत असू. अनेकजण पुन्हा फिरकत नसत आणि आम्ही त्यांच्या आळसाला दोष देत असू. पुढे एकाला आस्थेने विचारले, तेव्हा कळले की पहाटे कामावर निघणाऱ्या त्या गृहस्थांना चार कप पाणी एक कप होईपर्यंत आटविण्यास सवड नव्हती. औषध योग्य होते, पण ते पोटात जातच नव्हते! अशा रुग्णांना शक्य तेथे घनवटी वा आसवारिष्ट देऊ लागल्यावर ते नियमित येऊ लागले. आमची दृष्टी तोवर वस्तुप्रधान होती, हे उशिरा उमगले.

मात्र रुग्ण मागेल ते देणे म्हणजेही विपणन नव्हे. ‘मधुमेह कायमचा घालवा’ अशा जाहिरातीला मागणी पुष्कळ असेल. पण १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ती निषिद्ध आहे. शिवाय तिला भुलून रुग्णाने चालू औषधे सोडली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. येथे पाचवा दृष्टिकोनच आपला मार्गदर्शक ठरावा.

चिकित्सेच्या चतुष्पादांत रुग्ण हाही एक पाद आहे. त्याला नुसता गिऱ्हाईक न मानता त्याची अडचण ऐकून घेणे, हेच वैद्याचे खरे विपणन, असे आम्हास वाटते.