शाळा बदलायची तर दिवाळीनंतर लगेच हालचाल करा

शिक्षकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत गर्दी करतात त्या मार्च-एप्रिलमध्ये. ‘थेट मुलाखत, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे’ हे वाचून शिक्षक जातात, डेमो लेसन देतात, निवडही होते. आणि मग लक्षात येते, की जुन्या शाळेतून रीतसर बाहेर पडण्याची मुदत जानेवारीतच टळून गेली आहे. म्हणून खासगी शाळेत कायम झालेल्या शिक्षकाने नव्या नोकरीचा शोध दिवाळीची सुट्टी संपताच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण नियमातच आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली अनुदानित शाळांना लागू आहे, तशी मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही. नियम ४० नुसार कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची. इथवर बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचा भाग मात्र फार थोडे जण वाचतात: सुट्टीत नोटीस देता येत नाही, आणि नोटिशीच्या मुदतीत सुट्टीचा एकही दिवस येता कामा नये. शिवाय पहिले सत्र सुरू झाल्यावर पहिला महिनाभर नोटीस द्यायची नाही.

आता कॅलेंडर समोर घ्या. १ मेच्या निकालानंतर उन्हाळी सुट्टी लागते. म्हणजे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल हे तीन महिने पूर्ण व्हायचे तर राजीनामा ३१ जानेवारीपर्यंत शाळेच्या हाती पडायला हवा. परिविक्षा काळात असाल, तर ३१ मार्चपर्यंत वेळ आहे आणि जाहिरातींची वाट पाहणे परवडते. कायम शिक्षकाला ती चैन नाही. त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच शाळांना थेट अर्ज पाठवावेत, मुख्याध्यापकांना भेटावे, पुढच्या वर्षी कोण निवृत्त होणार आहे, कुठे नवी तुकडी निघणार आहे याची चौकशी करावी. एप्रिलपासून वर्ष सुरू करणाऱ्या सीबीएसई शाळांसाठी तर हे आणखी गरजेचे.

मुदत चुकली तर पैसे मोजावे लागतात. नोटीस जितकी कमी पडेल तितक्या काळाचे वेतन, भत्ते वगळून, भरून संस्थेच्या संमतीने लवकर मोकळे होता येते. मूळ वेतन २०,००० रुपये असेल आणि दीड महिना कमी पडत असेल, तर ३०,००० रुपये. अनुदानित शाळेत संस्था सहसा ही रक्कम सोडून देत नाही, कारण तिने नोटीस किंवा पैसे न घेता शिक्षकाला जाऊ दिले, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. मुख्याध्यापक अडून बसतात त्यामागे हेही असते.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर दिसत नाही. ३० एप्रिलला जुनी शाळा सुटली आणि नवी १५ जूनला सुरू झाली, की दीड महिना पगार नाही. महिना ३०,००० हातात येत असतील, तर ४५,००० गेले. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तिथे खड्डा आणखी मोठा. म्हणून पगाराची बोलणी करताना पहिल्यांदा रुजू होण्याची तारीख विचारा. १ जूनपासून हजर करून घेतले, तरी अर्ध्या महिन्याचा पगार वाचतो, आणि ही मागणी पगारवाढीपेक्षा लवकर मान्य होते.

ग्रॅच्युइटीही बघा. खासगी शाळेतल्या शिक्षकालाही ती मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्के केले. अट सलग पाच वर्षांच्या सेवेची. मूळ वेतन २०,००० आणि महागाई भत्ता ६,००० असेल, तर पाच वर्षांचे ७५,००० रुपये होतात (२६,००० ला २६ ने भागून, १५ ने आणि मग ५ ने गुणायचे). जूनमध्ये रुजू झालेल्या शिक्षिकेने पाचव्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शाळा सोडली, तर थोड्या आठवड्यांसाठी या रकमेवरून वाद ओढवतो. अशा वेळी एक वर्ष थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) खर्च त्यामानाने किरकोळ. केंद्राच्या सीटीईटीच्या एका पेपरला खुल्या आणि ओबीसी गटासाठी १,००० रुपये, दोन्हींना १,२००. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५०० आणि ६००. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांनी हे टाळू नये. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे.

एजंटाला आगाऊ पैसे देऊ नका. ‘ग्रँटची जागा आहे, एवढे लाख लागतील’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून या. अनुदानित जागा पवित्र पोर्टलवरून भरल्या जातात आणि त्यासाठी टेट (टीईटी नव्हे, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) द्यावी लागते. मागच्या दाराने झालेल्या नेमणुकीला शिक्षण विभागाची मान्यता मिळाली नाही, तर पगार नाही आणि दिलेले लाखही परत येत नाहीत. घर गहाण टाकून असे पैसे भरलेली कुटुंबे गावोगाव आहेत.

नेमणुकीचा आदेश हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका. आदेशातली एक ओळ नीट वाचा: ‘परिविक्षाधीन, दोन वर्षांसाठी’ की ‘तात्पुरत्या स्वरूपात, ३० एप्रिलपर्यंत’? दुसरी असेल तर मे महिन्याचा पगार नाही आणि पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. कायम नोकरी सोडून अशा आदेशावर जाऊ नये, पगार दोन-चार हजारांनी जास्त असला तरी.

राजीनाम्याच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर सही आणि तारीख घाला, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवा, दुसरी स्वतःजवळ ठेवा. कायद्यानेच ही पद्धत सांगितली आहे. नवी शाळा रुजू होतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही मागत असेल, किंवा मूळ पदवी प्रमाणपत्रे जमा करायला सांगत असेल, तर नकार द्या.

शाळा सोडण्यापूर्वी अनुभव प्रमाणपत्र आणि सेवामुक्तीचे पत्र घ्या, सेवापुस्तकाची छायांकित प्रत काढून ठेवा. भविष्य निर्वाह निधी काढू नका, नव्या खात्यात वर्ग करून घ्या. पाच वर्षांच्या आत काढल्यास कर लागतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते. निधीच्या यूएएन क्रमांकावरचे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते जुन्या शाळेत असतानाच तपासा; दुरुस्तीला तिथल्या क्लार्कची मदत लागली तर तो समोर असलेला बरा.