बॅजचा रिपोर्ट मागून घ्या

नाशिकमध्ये रेडिएशन म्हटलं की लोकांना लासलगाव आठवतं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली तिथे ‘कृषक’ केंद्र सुरू केलं. पण तिथला कोबाल्ट-60 जाड काँक्रीटच्या भिंतींआड असतो. आम्हा एक्स-रे टेक्निशियन लोकांचं रेडिएशन हाताच्या अंतरावर. हाडांच्या एका हॉस्पिटलात मी सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन, चालवायचो. मांडीचं हाड मोडलेला पेशंट टेबलावर, सर्जन ‘शॉट’ म्हणाले की एक्स-रे, हाडात घालायचा रॉड जरा सरकला की पुन्हा ‘शॉट’. पेशंटच्या अंगावर पडलेले किरण चहूकडे विखुरतात आणि जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना लागतात.

पुढे नोकरी बदलली. काही वर्षांनी थकवा हटेना, रात्री घाम फुटायचा, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. सीबीसी या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. आज इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीवर तो आटोक्यात आहे.

रेडिएशनमुळेच झाला का? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तसं ठरवणारी कुठलीही रक्ततपासणी नाही. एकूण डोस किती मिळाला, यावरून फक्त शक्यता मांडता येते. तो आकडा आणायला जुन्या हॉस्पिटलात गेलो, तर कित्येक तिमाहींचे रिपोर्टच नव्हते. आमच्या अंगावरचं रेडिएशन मोजणारे टीएलडी बॅज लॅबला पाठवलेच गेले नव्हते. जे पाठवले त्यांचाही भरवसा नाही, कारण कंट्रोल बॅज एक्स-रे रूममध्येच खिळ्याला टांगलेला असायचा. कंट्रोलचं रीडिंग आपल्या रीडिंगमधून वजा होतं. तोच किरणांत राहिला तर आपला डोस कागदावर कमी दिसतो. मला आजारापेक्षा याची चीड जास्त आहे.

घाबरून नोकरी सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. थोड्या थोड्या डोसनेही ल्युकेमियाचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. पण हा आजार मुळात विरळ, त्यामुळे एकेका माणसाचा वाढीव धोका लहानच राहतो. आपल्याकडे रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी डोसची मर्यादा पाच वर्षांत 100 मिलीसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही.

टीएलडी बॅज छातीवर, लेड एप्रनच्या आत लावा. दर तिमाहीचा रिपोर्ट मागा, फोटो काढून घरी ठेवा. नोकरी बदलली तर जुना टीएलडी नंबर नव्या ठिकाणी द्या, नाहीतर डोसची बेरीज तुटते. शॉटच्या वेळी एक पाऊल मागे सरका. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाई होतो. एप्रन घडी घालून ठेवू नका, आतल्या शिशाला भेगा पडतात. दिवस गेले असतील तर सिस्टरांनी लगेच लेखी कळवावं. पोटातल्या बाळासाठी मर्यादा 1 मिलीसिव्हर्टचीच आहे. वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, विनाकारण काळेनिळे डाग दिसले तर सीबीसी करा आणि आपण रेडिएशनमध्ये काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

व्यवस्थापन टाळाटाळ करत असेल तर मुंबईत अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. किरणोत्साराचे आजार भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. दावा करायला गेलात की पहिल्यांदा डोसचाच कागद मागतील.