थायरॉईडची गोळी आणि भूल

प्रश्न : आईला थायरॉईड कमी असल्याने रोज गोळी चालू आहे. पुढच्या आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. त्या दिवशी उपाशीपोटी गोळी द्यावी का? भूल झेपेल ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल, तर पहाटे घोटभर पाण्याबरोबर गोळी द्या. या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनचा सुमारे निम्मा अंश ७ दिवसांनीही शरीरात असतो. त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी घाबरू नका. टीएसएच या थायरॉईडच्या रक्ततपासणीचा ताजा रिपोर्ट मात्र भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. थायरॉईड फारच कमी असेल, तर भुलीतून जाग उशिरा येते, श्वास मंदावतो, अंग गार पडतं. अशा वेळी तातडी नसल्यास ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. गळ्याला गाठ असेल किंवा उताणं झोपल्यावर धाप लागत असेल, तर तेही सांगा. श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी त्यावर ठरते. थायरॉईड आटोक्यात असेल, तर भूल सहसा नीट झेपते.