ऑस्ट्रेलियन ओपन खेळायची आहे? जागा, तारखा आणि खर्च

एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ जागा असतात. १०४ जागतिक क्रमवारीवरून थेट, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशाने. पुरुष असोत वा महिला, हिशेब तोच. पैसा आणि वर्षं कुठे घालायची, ते या आकड्यांवरूनच ठरवा.

क्रमवारी धरतात ती स्पर्धेच्या सुमारे सहा आठवडे आधीची. म्हणजे जानेवारीसाठी डिसेंबरच्या सुरुवातीची. त्यानंतर मिळवलेले गुण थेट प्रवेशाला उपयोगाचे नाहीत. पात्रता फेरीची मुदत त्यानंतर संपते. पहिल्या शंभरात असाल तर निर्धास्त राहा. दोनशेच्या आसपास असाल तर पात्रता फेरीची तयारी ठेवा. कुणी माघार घेतली की खालची नावं वर सरकतात, म्हणून यादी रोज पाहा. दुखापतीमुळे सहा महिने किंवा जास्त काळ बाहेर असाल तर संरक्षित क्रमवारीसाठी अर्ज करा. ती आपोआप मिळत नाही.

सुरुवात मात्र खालून. वय किमान १४. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा आयपिन क्रमांक काढा. त्याचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं. महासंघाच्या स्पर्धांचे प्रवेश स्पर्धेच्या सोमवारआधी १८ दिवस, गुरुवारी बंद होतात. उशिरा माघार घेतली तर दंड. महासंघाची पुरुषांची एम-१५ स्पर्धा जिंकलात तर क्रमवारीचे १५ गुण, एम-२५ जिंकलात तर २५. त्यावरच्या पायरीच्या चॅलेंजर स्पर्धांमध्ये गुण बरेच जास्त. २०२४ आणि २०२५ मध्ये पुण्यात बालेवाडीला चॅलेंजर झाली. अशी घरची स्पर्धा सोडू नका, विमानाचं भाडं वाचतं.

खरा खर्च प्रवेशाचा नाहीच. तिकिटं, हॉटेल, व्हिसा, रॅकेटचं गटिंग, फिजिओ आणि प्रशिक्षकाचा सगळा प्रवास, हे सारं तुमच्या खिशातून. २०२५ मध्ये पात्रतेची पहिली फेरी हरणाऱ्यालाही ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, मुख्य ड्रॉची पहिली फेरी हरणाऱ्याला १,३२,०००. यातून तिथला कर कापला जातो, तेव्हा पूर्ण रक्कम धरून कर्ज काढू नका. दुखापत लपवून पैशासाठी कोर्टवर उतरू नका: पहिल्या फेरीत धड खेळला नाहीत तर बक्षिसाइतका दंड होऊ शकतो. त्यापेक्षा मेलबर्नला पोहोचून मुदतीत माघार घेतलीत तर पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळते. उरलेली निम्मी तुमच्या जागी येणाऱ्याला.

वाइल्ड कार्डवर बेत आखू नका. बहुतेक यजमान देशाच्या खेळाडूंना जातात, काही फ्रान्स आणि अमेरिकेच्या संघटनांशी असलेल्या देवाणघेवाणीत. आशिया-पॅसिफिकसाठी निवड स्पर्धा असते, पण तिथेही नाव पुढे जावं लागतं. २०२४ साठी भारताच्या सुमित नागलचं नाव आपल्या राष्ट्रीय संघटनेने पाठवलं नाही. तो पात्रतेचे तीन सामने जिंकून आत गेला, ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि १,८०,००० डॉलरचा मानकरी ठरला. पैसे घेऊन वाइल्ड कार्ड मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा. टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत हा गुन्हा आहे आणि बंदी खेळाडूवरही येते.

पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलात तरी लगेच निघू नका. ऐनवेळी कुणी माघार घेतली तर लकी लूझरला जागा मिळते, पण त्यासाठी ठरलेल्या वेळेत हजेरीची सही लागते. म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.