मांडीचं माप

‘कट्’ असा आवाज झाला, तो माझा मलाच ऐकू आला. झाशीतलं मैदान, सकाळचे सहा, हॉकीचा रोजचा सराव. मी शाळेत खेळशिक्षिका. मुलींना नुसतं शिट्टी वाजवून शिकवणं मला जमत नाही, मी स्वतःही धावते. चेंडू डावीकडे गेला, मी उजवा पाय रोवून वळले. अंग फिरलं आणि पाय होता तिथेच राहिला. कुणाचा धक्का नाही की कुणाची स्टिक लागलेली नाही. आठ वाजेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

ज्या गावाने हॉकीपटू ध्यानचंदांना हीरोज मैदानावर अखेरचा निरोप दिला, त्या गावात मैदानावर कुणी पडलं की चार माणसं धावून येतात आणि चौघांकडे चार इलाज असतात. घरी आईने आंबेहळद-तुरटीचा लेप लावला. त्याने फारसं काही बिघडलं नसावं. बिघडवलं मालिशवाल्याने, आणि त्याला बोलावणारी मीच. “नस चढ़ गई है, बिटिया,” म्हणत त्याने गरम मोहरीच्या तेलाने गुडघा असा रगडला की मी उशी चावली. दुखापतीनंतर दोन-तीन तासांत टम्म फुगलेल्या गुडघ्यात बहुतेक वेळा रक्त साचलेलं असतं, आणि ती गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याची मोठी खूण असते. असा गुडघा शेकायचा नाही, रगडायचा तर मुळीच नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, हलकी पट्टी, पाय उशीवर उंच, आणि डॉक्टर. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर त्याच दिवशी जावं. पाऊल गार पडलं किंवा बधिर झालं, तर त्याच तासाला.

मी एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं आणि घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हे खेळशिक्षिकेला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण बरी बातमी कोण उलटून तपासतं?

तीन आठवड्यांत सूज उतरली, दुखणं थांबलं. मी जिना चढू लागले, स्कूटी काढली. गुडघा फसवतो तो इथेच. सपाट रस्त्यावर सरळ चालायला पुढचं क्रूसिएट लिगामेंट फारसं लागत नाही. ते लागतं वळताना.

मग गणपती आले. झाशीच्या गणेश मंदिरात 1842 साली मणिकर्णिका तांबे नवरी म्हणून उभी राहिली आणि लक्ष्मीबाई झाली. आम्हा इथल्या मराठी घरांचं ते हक्काचं ठिकाण. आरतीनंतर प्रसादाचं ताट घेऊन मी मागे वळले आणि सपाट फरशीवर गुडघा आतल्या आत सरकला. मोदक लहान पोरांच्या पायांत आणि मी खांबाला धरून खाली.

या वेळी सर्जननी गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढली. धडधाकट गुडघ्यात ती ओढ एका जागी ‘टक्’ करून अडते. माझी अडलीच नाही. एमआरआयने शिक्कामोर्तब केलं: लिगामेंट पूर्ण तुटलेलं, शिवाय आतली गादीही (मेनिस्कस) फाटलेली. ही गादी बहुधा त्या दुसऱ्या घसरण्यात गेली. वेळेवर कळलं असतं तर ती वाचली असती, याची रुखरुख मला ऑपरेशनपेक्षा जास्त आहे.

तुटलं म्हणजे ऑपरेशन, असंही नसतं. आतल्या कडेचं लिगामेंट बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामावर जुळून येतं. पुढच्या लिगामेंटबद्दल स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या माणसांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. आधी फक्त व्यायाम सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांनीही शस्त्रक्रिया लागली नव्हती, आणि त्या गटाची तब्येत लगेच ऑपरेशन केलेल्यांपेक्षा वाईट नव्हती. माझा गुडघा मात्र वारंवार निसटत होता, गादी शिवण्याजोगी होती आणि पोट वळणा-पळण्यावर चालतं. म्हणून मी टेबलावर चढले. पण त्याआधी पाच आठवडे व्यायाम केला: गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा व्हायला हवा. आखडलेला गुडघा घेऊन गेलं, तर तो आखडलेलाच घेऊन परत येण्याची भीती असते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी शिंप्याची टेप मागितली. गुडघ्याच्या वाटीपासून वर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी 46, उजवी साडेबेचाळीस. दुखावलेल्या सांध्यावरचा स्नायू शरीर स्वतःच बंद करून टाकतं. आपण जोर लावतो आणि मांडी ढिम्म. “दुखतंय का, हे मला सांगू नका,” त्या म्हणाल्या, “हा आकडा सांगा.” तेव्हापासून दर रविवारी मी आकडा लिहिते. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. इतका कंटाळवाणा व्यायाम दुसरा नसेल. टाच उशीवर टेकवून पाय सरळ लोंबता ठेवण्याचा त्रास त्याहून अधिक.

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, मांडी घालून कधी बसायचं? गादी शिवली असेल तर खोल वाकणं काही महिने बंद असतं. पाटावरचं जेवण गेलं, संडासात खुर्ची आली. सासूबाईंनी पूजेला स्टूल दिलं, तेही कुरकुरत. किती दिवस, हे आपल्या सर्जनना नेमकं विचारावं, शेजारणीला नव्हे.

ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात मला वाटलं, झालं. पण तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवा बसवलेला स्नायुबंध सुरुवातीच्या काही महिन्यांत उलट कमजोर होतो, मग त्यात रक्तवाहिन्या येऊन तो हळूहळू लिगामेंटसारखा घडतो. नेमकं त्याच काळात आपल्याला बरं वाटत असतं. निदान नऊ महिने वळणाचे खेळ नकोत, आणि नुसते महिने भरूनही चालत नाही. एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्के तरी पडली पाहिजे. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याचं लिगामेंट 30 डिसेंबर 2022च्या अपघातात तुटलं. उत्तम सर्जन, उत्तम फिजिओ, सगळं दिमतीला असूनही तो सामन्यात परतला मार्च 2024मध्ये.

मुली सध्या सराव सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं उड्या मारून नीट उतरायला शिकतात. गुडघे आत एकमेकांकडे कलले की मी शिट्टी वाजवते, कारण अशा खेळांत मुलींचं हे लिगामेंट मुलांपेक्षा बरंच जास्त तुटतं. त्या कंटाळतात. “मॅडम, आप कब खेलेंगी?” विचारतात. नऊ महिने भरायला सतरा दिवस आहेत, पण उडी अजून 84 टक्क्यांवर आहे. गेल्या रविवारी उजवी मांडी पंचेचाळीस भरली.